पाच चाळीसचं रीडिंग

९ सप्टेंबर १९९७, मंगळवार

फील्ड नोट्स इंग्लिशमध्ये लिहायच्या आणि दर शुक्रवारी जमा करायच्या, असा लॅबचा रूल आहे. म्हणून जे जमा करायचं नाही ते इथे, मराठीत. दहावीला मराठीत सत्तावन्न पडले होते, शुद्धलेखन भयंकर आहे, पण वाचणार कोण.

आजपासून मी ऑफिशियली इंटरव्ह्यूअर. एक वर्ष नुसती डेटा एंट्री करून जाम पकले होते. प्रोफेसर वेक्सलरांचा (त्या म्हणतात मला जोन म्हण, मला जमत नाही) स्टडी असा आहे: चाळिशी-पन्नाशीतली काळी अमेरिकन माणसं, नोकरी करणारी, शिकलेली. त्यांना कोणी शिव्या देत नाही, मारत नाही. फक्त दुकानात मागे मागे फिरतात, मीटिंगमध्ये त्यांचं वाक्य तोडतात, त्यांनाच परत परत आयडी मागतात. एवढ्याएवढ्याशा गोष्टी. त्याने ब्लड प्रेशरचं काय होतं ते आम्ही मोजतो. दंडाला पट्टा, कमरेला डबी, दर वीस मिनिटांनी पट्टा आपोआप फुगतो. त्या वेळी आपण कुठे होतो, कोणाबरोबर होतो, काय झालं, हे माणसाने छोट्या वहीत लिहायचं. चोवीस तास. असे तीन दिवस, मध्ये दोन-दोन आठवडे सोडून. तीन दिवस पूर्ण झाले की त्यांच्या डॉक्टरांना आमच्याकडून रिपोर्टचं लेटर जातं.

गेले दोन दिवस दीक्षावर पट्टा बांधायची प्रॅक्टिस केली. दीक्षा मेश्राम, माझी रूममेट, नागपूरची, केमिस्ट्रीत पीएचडी करते. आम्ही किचनमध्ये बसून गप्पा मारत, चिवडा खात, पाणी पीत रीडिंग घेत होतो. तिचं १३८ वर ९० आलं. चोवीस वर्षांच्या मुलीचं? मशीन बिघडलंय म्हणून आज सकाळी लॅबमध्ये परत सेट करून घेतलं.

माझी पहिली केस मिसेस प्रूइट, जवळच्या इप्सिलँटी गावात राहतात. वय चोपन्न, एका विमा कंपनीत क्लेम्सचं काम, एकोणीस वर्षं. मिस्टर वारले. धाकटी बहीण ओडेसा एक्कावन्नाव्या वर्षी स्ट्रोकने गेली. फॉर्मवर 'सहभागी होण्याचं कारण' असा कॉलम असतो, लोक रिकामा सोडतात. यांनी लिहिलंय, 'मला बहिणीसारखं मरायचं नाही.'

घर एकदम चकाचक. त्यांनी लेमन केक केला होता. मी म्हटलं अंडं असेल तर नको. आइस्ड टी आणला, तोही नको म्हटलं. आपल्याकडे कसं, दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा आग्रह झाला की घ्यायचं. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलंच नाही, बशी उचलून आत नेली. खरं तर जाम भूक लागली होती यार.

पट्टा बसवताना रीडिंग १५८ वर ९८. दोन गोळ्या चालू असताना. फॉर्मवर प्रश्न होता, गोळ्या वेळेवर घेता का. त्या हो म्हणाल्या. मी म्हटलं, रोज, नक्की ना?

१० सप्टेंबर

मशीन परत आणलं. आज मिसेस प्रूइट बोलल्या. माझं डोकं फिरलंय.

त्यांच्या ऑफिसच्या दारात गार्ड आहे. सहा वर्षं तोच. रोज सकाळी त्यांना म्हणतो, मॅम, बॅज. बॅज गळ्यातच असतो. तो हातात घेऊन बघतो. त्यांच्या मागून एक गोरी मुलगी येते, नोकरीला लागून तीन आठवडे झालेत, तिला नुसतं गुड मॉर्निंग.

"तुम्ही त्याला काही म्हणत नाही?" मी विचारलं.

"काय म्हणू? तो म्हणेल, मी माझी ड्यूटी करतोय. सुपरवायझर म्हणेल, अर्नेस्टीन, तू फार मनाला लावून घेतेस. मग माझ्या फाइलवर लिहितील, स्वभाव कडक आहे. मी हसते आणि वर जाते. तुझा पट्टा माझ्या हसण्याचं काय करतो ते तू बघ."

आणि डॉक्टर. दोन वर्षं त्या त्याला सांगतायत की डोकं दुखतं, पाय सुजतात. तो कॉम्प्युटरकडे बघत म्हणतो, गोळ्या घेतल्या की असं होणार नाही, मिसेस प्रूइट. त्या रोज घेतात. मी डबी बघितली, सोमवार ते रविवार असे कप्पे, मोजून. हा माणूस तोंडावर त्यांना खोटं पाडतो आणि त्याला ते कळतसुद्धा नाही. मला त्याच्या क्लिनिकमध्ये जाऊन ओरडावंसं वाटतंय.

"म्हणून मी तुमच्या स्टडीत आले," त्या म्हणाल्या. "माझ्या तोंडावर त्याचा विश्वास नाही. युनिव्हर्सिटीचं लेटर असेल तर कदाचित वाचेल."

म्हणजे मला हे तीन दिवस नीट पूर्ण करून द्यायचेत. बास. बाकी काही होवो न होवो.

१४ सप्टेंबर, रविवार

आईचा फोन. तिला गार्डचं सांगितलं. म्हणाली, असतात एकेक माणसं विचित्र. मग, "तुझी ती रूममेट कशी आहे? मेश्राम म्हणजे नक्की कोण गं?" मी म्हटलं नागपूरचे. आईला आडनावांचं काय एवढं असतं देव जाणे.

दीक्षाने फ्रिजमध्ये स्वतःची वेगळी बाटली ठेवलीय, वर मार्करने 'डी' लिहून. खरं तर जानेवारीपासूनच ठेवलीय, मी आज नीट बघितली. लॅबवाल्या माणसांना जर्म्सचा फोबिया होतो बहुतेक. मी तिला चिडवलं. ती म्हणाली, "हो नं, फार जर्म्स आहेत," आणि अभ्यासाला गेली.

२४ सप्टेंबर

दुसरा दिवस पूर्ण.

बस एक स्टॉप आधीच सोडली, चालत गेले, ऊन कडक. मिसेस प्रूइट नुकत्याच ऑफिसमधून आल्या होत्या, पायातले बूट काढून बसलेल्या, घोटे सुजलेले दिसत होते. तरी उठून विचारलं, चहा? केक? आज अंडं नाही घातलं, तू म्हणाली होतीस ना, शेजारणीकडून रेसिपी घेतली. मला इतकं ऑकवर्ड झालं की माझ्या तोंडून परत नकोच गेलं. म्हटलं फक्त पाणी.

काचेचा उंच ग्लास, बर्फ घालून. मी गटागटा वरून प्यायले, एक थेंब सांडला नाही. तेवढ्यात त्यांचा पट्टा फुगायला लागला. त्या एकदम गप्प झाल्या, हात स्थिर धरून बसल्या. मग पेन उघडून त्यांनी वहीत व्यवस्थित दोन-तीन ओळी लिहिल्या आणि वही मिटून माझ्या हातात दिली. बाकीचे लोक 'घरी, ठीक' एवढं खरडतात. या किती सिन्सियर आहेत.

वही त्यांच्यासमोर वाचायची नाही हा रूल. पेटीत टाकली, एंट्रीच्या वेळी उघडू.

निघताना मी म्हटलं, आता एकच दिवस राहिला, सात तारखेला. त्या काही बोलल्या नाहीत. दमल्या असणार.

२६ सप्टेंबर

मशीनमधले आकडे उतरवले. सकाळी सात चाळीसला, म्हणजे गार्ड, १७२. दहा वीसला १७६. रात्री झोपेत खाली यायला पाहिजे, येतच नाही, १५० च्या आसपास. सगळ्यात जास्त पाच चाळीसला. १८६ वर ११४.

तेव्हा मी तिथेच होते. दिवसभर हसून दाबलेलं सगळं घरी आल्यावर बाहेर पडलं असणार. त्या ऑफिसने काय हालत केलीय या बाईची. मी फील्ड नोट्समध्ये पान भरून लिहिलं. वेक्सलरांनी मार्जिनमध्ये लिहिलं, 'कमी रागाने लिही.' का म्हणून?

३ ऑक्टोबर

लॅबच्या आन्सरिंग मशीनवर मेसेज होता. मिसेस प्रूइट बोलतेय, मी तिसरा दिवस करणार नाही, थँक यू. एवढंच.

मी लगेच फोन केला. त्या फार पोलाइटली बोलल्या. मी विचारलं काही झालं का, ऑफिसमध्ये काही? "ऑफिसमध्ये रोजच होतं." पट्ट्याचा त्रास होतो का? "नाही." मग का? तेव्हा म्हणाल्या, "बाहेर हे सगळं मी सहन करते, मुली. घरात बोलावून घेण्याची मला हौस नाही."

फोन ठेवल्यावर मी अर्धा तास विचार करत बसले. घरात कोण आलं असेल? विम्याचा माणूस? मीटर रीडर? शेजारी?

६ ऑक्टोबर

वेक्सलरांकडे गेले. म्हटलं, दोन दिवसांचा डेटा आहे, त्यावर लेटर पाठवा. त्या म्हणाल्या, प्रोटोकॉल म्हणजे प्रोटोकॉल, तीन दिवस नाहीत तर लेटर नाही, एकासाठी मोडला तर एथिक्स कमिटी उद्या माझा गळा धरेल. आम्ही पट्टा बसवताना १८० च्या वर आलं असतं तर लगेच कळवता आलं असतं, यांचं तेव्हा १५८ होतं.

"मग त्यांना स्ट्रोक येईपर्यंत थांबायचं?"

"सावनी. तिला परत आण. तेच तुझं काम आहे."

काय माणसं आहेत. सगळे आपापली ड्यूटी करतात. गार्ड, डॉक्टर, ही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

मिसेस प्रूइटना परत कसं आणायचं याचा क्लू मिळेल म्हणून त्यांची वही पेटीतून काढली. पाठ झालीय ती आता.

'७:४०. ऑफिसचं दार. गार्ड. बॅज. एकोणीस वर्षं.'

'१०:२०. मीटिंग. मी सांगितलेलं उत्तर डेव्हने सांगितलं. सगळे म्हणाले, ग्रेट, डेव्ह.'

'१२:४०. जेवण, एकटी. ठीक.'

'५:४०. घरी. युनिव्हर्सिटीची मुलगी. माझा केक नको, माझा चहा नको. पाणी घेतलं, पण ग्लासला ओठ लावला नाही. डोकं मागे टाकून लांबून तोंडात ओतलं. ग्लास स्वच्छ होता.'

मी पहिल्यांदा हसले. खरंच हसले, काय बावळट गैरसमज. मग राग आला. मी या बाईसाठी प्रोफेसरशी भांडतेय, उन्हात चालत जातेय, आणि ही माझ्याबद्दल हे लिहिते? आम्ही असंच पितो, बाई. उष्टं होऊ नये म्हणून. हायजीन. याच्यात काळं-गोरं कुठून आलं? किती मनाला लावून घेतात.

हे शेवटचं वाक्य लिहिलं आणि हात थांबला. हे त्यांच्या सुपरवायझरचं वाक्य आहे.

१० ऑक्टोबर

दीक्षा कांदा चिरत होती. मी तिला सगळं सांगितलं, म्हटलं, "तूच सांग, आपण सगळेच वरून पितो की नाही?"

"आम्ही नाही पीत."

"म्हणजे नागपूरला?"

तिने सुरी ठेवली. "सावनी, तू येडी आहेस की येडं घेऊन पेडगावला चालली? आम्ही म्हणजे आम्ही. मी. माझ्या घरचे."

मी काहीतरी बोलले, हायजीन वगैरे.

"हायजीन नं? मग परवा शेजारच्या सुजाताच्या कोकच्या कॅनला तोंड लावलं तू. पिझ्झा हटमध्ये माझ्याच स्ट्रॉने मिल्कशेक प्यायलीस."

"ते बाहेर. घरातल्या पाण्याचं मला लहानपणापासून लागलंय, मी विचार करून नाही करत."

"तो गार्ड विचार करून करतो का?"

ती कांद्याकडे बघत बोलत राहिली. "इथे राहायला आल्यावर आपण सामान लावत होतो त्या दिवशी मी बाटली तोंडाला लावून प्यायले. तू ती बाटली माझ्या हातातून घेतली, सिंकमध्ये रिकामी केली, परत भरली आणि वरून प्यायली. बोलत बोलत. तुझं लक्षसुद्धा नव्हतं. पाच महिने पाहिलं मी. मग म्हटलं, कशाला, आपली बाटली वेगळी."

"मग बोलली का नाहीस? मी तुझी फ्रेंड आहे नं."

"काय बोलू? तू म्हणाली असतीस, दीक्षा, किती मनाला लावून घेतेस."

मी रडायला लागले. ती म्हणाली, "हे बघ, रडू नको, मला आता तुझी समजूत काढायला लावू नको. सोमवारी माझी परीक्षा आहे." मग थोड्या वेळाने, "सहावीत माझ्या मैत्रिणीची आई माझ्यासाठी वेगळा ग्लास ठेवायची. हिरव्या काठाचा. मला वाटायचं, काकू किती लाड करतात, माझा स्पेशल ग्लास आहे. मी घरी येऊन बाबांना सांगितलं. बाबा सायकल काढून बाहेर गेले. त्यांची बीपीची गोळी त्याच वर्षी चालू झाली. आता म्हणशील, दोन गोष्टींचा संबंध काय. तू स्टॅटिस्टिक्सवाली आहेस, तूच सांग."

मी विचारलं, त्या मिसेस प्रूइटना जाऊन सांगू का, की आमच्याकडे पद्धत आहे.

"सांग नं. पण मग पद्धत काय आहे ती पूर्ण सांग."

१२ ऑक्टोबर, रविवार

दीक्षा सकाळीच ट्रॉयला गेली, तिच्या लोकांचं गेट-टुगेदर आहे. दर वर्षी ऑक्टोबरात असतं. मला कधी बोलावलं नाही म्हणून मागच्या वर्षी मी फुगले होते.

आईला फोन केला. "आई, आपण वरून पाणी का पितो?"

"उष्टं होऊ नये म्हणून. हे काय मध्येच?"

"पण एकट्याचा ग्लास असला तर? उष्टं कोणासाठी होणार?"

"अगं, दुसऱ्याचं भांडं. कोणी वापरलंय, कोणाचं आहे, आपल्याला काय माहीत. तुझे आजोबा तर परक्याकडे पाणीच घ्यायचे नाहीत. आपण तेवढं मानत नाही. आपण पितो."

तिला हे सांगताना बरं वाटत होतं, म्हणजे आपण किती सुधारलो. माझ्याही आवाजात वर्षभर तेच होतं. आई वाईट नाहीये. मला तिचा इतका राग आला की मी फोनकार्ड संपलं असं खोटं सांगून फोन ठेवला.

१३ ऑक्टोबर

वेक्सलरांना सांगितलं. वही दाखवली. मला वाटलं होतं ओरडतील, स्टडीतून काढतील. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाल्या, हे कल्चरल मिसअंडरस्टँडिंग आहे, स्वतःला त्रास करून घेऊ नकोस, तुझा हेतू चांगला होता. स्टाफ समोर असताना आलेलं रीडिंग तसंही डेटात धरत नाहीत. पाच चाळीस काढून टाक.

हेच तर हवं होतं ना मला? मग इतकं संतापायला का झालं? माझं पाप ती पुसून देतेय, एका मिनिटात, कॉफी पीत. ज्या बाईचं १८६ झालं तिला विचारायची गरज नाही. गार्डलाही कोणीतरी असंच म्हणत असेल, तुझा हेतू चांगला होता.

"काढणार नाही," मी म्हटलं. "ते स्टडीतलं सगळ्यात खरं रीडिंग आहे."

"मग त्याला कुठला कोड देशील?" त्या वेळी समोर कोण होतं त्याचे कोड असे आहेत: दुकानदार, सहकारी, वरिष्ठ, पोलीस किंवा गार्ड, डॉक्टर किंवा नर्स, अनोळखी. त्यात आम्ही, रिसर्चवाले, नाही. फॉर्म बनवताना कोणाच्या डोक्यातच आलं नाही, इतके चांगले आम्ही.

तिसऱ्या दिवसासाठी दुसऱ्या कोणाला पाठवू का, असं विचारायला त्यांनी स्वतः मिसेस प्रूइटना फोन केला. उत्तर 'नाही' असंच आलं.

१४ ऑक्टोबर

संमतीपत्राची सगळी पानं वाचली. सही करताना कोणी वाचत नाही, मीसुद्धा कधी वाचली नव्हती. पान चार: सहभागी व्यक्तीने लेखी मागणी केली तर तिला तिचे स्वतःचे आकडे कधीही देण्यात येतील. लेटर नाही, पण आकडे. तीन दिवस पाहिजेत असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही. वेक्सलरांसमोर ते पान धरलं. त्यांनी दोनदा वाचलं, म्हणाल्या, हे मीच लिहिलंय. बरं, सही घेऊन ये.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

गेले. हातात पाकीट, त्यात दोन दिवसांचे एकशे चाळीस आकडे, मागणीचा फॉर्म, आणि डोक्यात पाठ केलेलं भाषण.

मिसेस प्रूइटनी दार उघडलं, जाळीचं दार बंदच ठेवलं. "मी तुला आत बोलावणार नाही," त्या म्हणाल्या.

म्हटलं, हो, आकडे आणलेत, तुम्ही सही केली तर आत्ता देते, डॉक्टरला दाखवता येतील. मग भाषण सुरू केलं. आय अॅम सो सॉरी, आमच्याकडे पाणी तसंच पितात, लहानपणापासूनची सवय...

"तुमच्या देशात सगळे तसं पितात?"

हो म्हणणं किती सोपं होतं. त्या कुठे जाऊन तपासणार होत्या?

"नाही. सगळे नाही."

"मग कोण?"

"माझ्यासारख्या घरातले जास्त. आमच्याकडे काही लोकांच्या हातचं खात-पीत नसत. त्यांचा स्पर्श झालेलं भांडं घाण मानायचे. आता तसं कोणी म्हणत नाही. पण पिण्याची पद्धत राहिली."

त्या जाळीतून माझ्याकडे बघत होत्या.

"म्हणजे मी बरोबर वाचलं होतं," त्या म्हणाल्या.

मी गैरसमज दूर करायला गेले होते. तिथे गैरसमज नव्हताच.

"तीन आठवडे मी स्वतःला विचारतेय, अर्नेस्टीन, तुला वेड लागलं का? परदेशी पोर आहे, तिच्याकडे तशी रीत असेल. गार्डच्या वेळी पण असंच. प्रत्येक वेळी आधी स्वतःला विचारायचं, मलाच वेड लागलंय का. लोकांना वाटतं अपमानाने बीपी वाढतं. अपमान दोन सेकंदांचा असतो, मुली. हे विचारणं दिवसभर चालतं."

त्यांनी जाळीचं दार वीतभर उघडलं, फॉर्म घेतला, चौकटीवर टेकवून सही केली. पाकीट घेतलं. उभ्या उभ्या आकडे वाचले, बोट खाली नेत. पाच चाळीसवर थांबल्या.

"एकशे शहाऐंशी."

"हो."

"हे तुम्ही काढून टाकणार?"

"प्रोफेसर म्हणतात काढ. मी नाही म्हटलंय."

"ठेव," त्या म्हणाल्या. "आणि माझ्यासमोर रडायचं असेल तर बस स्टॉपवर जाऊन रड."

दार लागलं. बस स्टॉपवरसुद्धा मी रडले नाही.

२० ऑक्टोबर

कोडची नवी लिस्ट लावली. सातवा कोड: संशोधन करणारे. वेक्सलरांनी तीन मीटिंगा घेतल्या, मग मान्य केलं, पण फुटनोटमध्ये. बाकीच्या पेट्या उघडून आम्ही सगळ्या वह्या परत वाचतोय. आत्तापर्यंत सातव्या कोडची अकरा रीडिंग्ज सापडलीत. त्यातली चार वेक्सलरांची स्वतःची. त्या दुपारी लवकर घरी गेल्या.

६ नोव्हेंबर, गुरुवार

मिसेस प्रूइटचा फोन. लॅबमध्ये, माझं नाव विचारून.

मला वाटलं थँक यू म्हणतील, मी 'नो, नो' म्हणायच्या तयारीत होते. त्यांनी हॅलोसुद्धा म्हटलं नाही. "कागद आहे का जवळ? काल डॉक्टरकडे गेले होते."

त्यांनी डॉक्टरला पाकीट दिलं. डॉक्टरने पहिल्यांदा कॉम्प्युटरवरून मान वळवली. आकडे बघितले, दोन मिनिटं लागली असतील. मग म्हणाला, "ओ. म्हणजे तुम्ही गोळ्या घेत होतात." गोळ्या बदलल्या, तिसरी चालू केली. किडनीची टेस्ट सांगितली, आज परत बोलावून रिझल्ट सांगितला. एक तृतीयांश काम गेलंय. गेलेलं परत येत नाही. आता राहिलेलं सांभाळायचं. दोन वर्षांपूर्वी टेस्ट केली असती तर बरंच वाचलं असतं, असं त्याच्याच नर्सने सांगितलं, तो बाहेर गेल्यावर, हळू आवाजात.

"तो सॉरी म्हणाला?" मी विचारलं.

"तो म्हणाला, तुम्ही हे आधी आणायला हवं होतं."

मला जे सुचलं ते मी मराठीत बोलले. फोनवर, लॅबमध्ये, सगळ्यांसमोर. त्यांनी अर्थ विचारला नाही.

"झालं तुझं? आता लिही. वहीत लिहितात तसंच लिही. मला ते डेटात पाहिजे."

त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. काल, दहा वीस. ठिकाण: दवाखाना. बसून. सोबत: डॉक्टर. काय झालं: 'दोन वर्षं मी तोंडाने सांगितलं. काल कागदाने सांगितलं. कागद खरा निघाला.'

मग त्यांनी फोन ठेवला. मी ओळ पूर्ण केली, पाचवा कोड टाकला. पुढचा कॉलम आकड्याचा आहे. तो रिकामा आहे. काल त्यांच्या दंडाला पट्टा नव्हता.